ब्रह्मदेशांतील ध्यानाचार्य

रत्नागिरीचा थिबा राजवाडा ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं इ. स. १८८५ च्या नोव्हेंबरांत मंडालेच्या राजवाड्यांतून काढून आगबोटीवर चढविलें, प्रथम मद्रासेस व पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें, आणि तेथेंच १९१६ च्या डिसेंबरांत त्याचा अंत झाला. राजा गेला आणि राज्य गेलें, एवढें बहुतेकांस माहीत असतें. परंतु ब्रह्मी लोकांच्या दृष्टीनें त्या राजाबरोबर आणखी एक मोलाची वस्तु धोक्यांत आली होती, ती म्हणजे बुद्धाचें शासन, अर्थात् त्याचा धर्म व त्याचा भिक्षुसंघ. या धोक्याच्या जाणिवेंतूनच गृहस्थांस ध्यान शिकविणाऱ्या आचार्यांची एक परंपरा पुढें आली. मोजके दिवस घरदार व उद्योग सोडून, मौन धरून, पहांटेपासून रात्रीपर्यंत ध्यानास बसण्याची जी पद्धति आज इगतपुरीपासून अमेरिकेपर्यंत रूढ आहे, तिचा उगम येथें आहे. या परंपरेच्या इतिहासांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं पुनः पुनः उभा राहतो : ध्यानाचा विधि हजारोंस सांगतां येईल, पण साधकाचा अनुभव ऐकून त्याला वाट दाखविणारा आचार्य हजारोंस कसा पुरावा?

हा प्रश्न समजण्यासाठीं जुनी रीत प्रथम पाहिली पाहिजे. बौद्ध ग्रंथांत ध्यान शिकविणाऱ्या आचार्यास ‘कल्याणमित्र’ असें सुंदर नांव आहे. पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांतील अनुराधपूरच्या महाविहारांत आचार्य बुद्धघोषानें ‘विसुद्धिमग्ग’ नांवाचा पाली ग्रंथ रचिला. त्यांत ध्यानाचे चाळीस विषय, म्हणजे ‘कर्मस्थानें’, वर्णिलीं आहेत. ह्यांपैकीं कोणतें कर्मस्थान कोणास द्यावें हें ठरविणें हें कल्याणमित्राचें पहिलें काम होय. त्याकरितां बुद्धघोषानें माणसांचे स्वभाव सहा प्रकारचे मानिले आहेत. रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाळु, बुद्धिमान् आणि तर्कटी असे ते सहा स्वभाव होत. शिष्याचा स्वभाव ओळखावयाचा तो केवळ त्याला प्रश्न विचारून नव्हे. त्याचें चालणें, बसणें, जेवणें आणि झाडलोट करणें पाहूनहि. जो केरसुणी नीट धरून सावकाश व सारखें झाडतो त्याचा स्वभाव एक. जो ती आवळून धरून खसाखसा, पण कोठें स्वच्छ तर कोठें केर ठेवून झाडतो त्याचा दुसरा. आणि जो ती सैल धरून केर इकडचा तिकडे करतो त्याचा तिसरा. हें वाचतांना हसूं येईल, पण त्यामागील दृष्टि फार शहाणपणाची आहे. औषध देण्यापूर्वीं वैद्य जसा रोग्यास निरखतो, तसें आचार्यानें शिष्यास निरखावें, असा त्याचा मथितार्थ.

हा ग्रंथ आधुनिक वाचकांपुढें शुद्ध स्वरूपांत येण्यास एका गोमंतकीय महाराष्ट्रीयाचे श्रम कारण झाले आहेत. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) हे १९०२ सालीं सिंहलद्वीपांत भिक्षु झाले, पुढें ब्रह्मदेशांतहि राहिले, आणि विसुद्धिमग्गाच्या संशोधनास त्यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें दिलीं. त्यांचें नागरी लिपींतील संस्करण १९४० सालीं मुंबईच्या भारतीय विद्या भवनानें प्रसिद्ध केलें. ह्या कर्मस्थानांचा परिचय मराठी वाचकांस व्हावा म्हणून ‘समाधिमार्ग’ हें छोटें पुस्तकहि त्यांनीं लिहिलें.

कर्मस्थान दिलें म्हणजे आचार्याचें काम संपलें, असें मात्र नाहीं. खरें काम त्यानंतर सुरू होतें, हेंहि विसुद्धिमग्गावरूनच कळतें. साधकाचें मन स्थिरावून शरीरांतील व मनांतील प्रत्येक हालचाल उपजते आणि लगेच मावळते, असें त्यास दिसूं लागलें म्हणजे कांहीं विलक्षण अनुभव येतात. मिटल्या डोळ्यांपुढें प्रकाश पसरतो, अंगावर रोमांच उभे राहतात, मन कधीं नव्हे इतकें शांत होतें, श्रद्धा उचंबळून येते. अशा दहा अनुभवांस बुद्धघोष ‘विपश्यनेचे उपक्लेश’ म्हणतो. उपक्लेश म्हणजे मळ. अनुभव मुळांत वाईट असतात म्हणून त्यांस मळ म्हटलेलें नाहीं. साधक त्यांनाच मुक्कामाचें ठिकाण समजून तेथें बसकण मारतो, म्हणून म्हटलें आहे. ही अवस्था ओलांडली कीं नेमका उलटा प्रकार घडतो. सर्व कांहीं क्षणोक्षणीं नष्ट होत आहे असें दिसून भय वाटूं लागतें, मग उबग येतो, आणि शेवटीं ह्या सर्वांतून एकदांचें सुटावें अशी तळमळ लागते. ब्रह्मी साधकांत ह्या अवस्थेला चटई गुंडाळण्याची वेळ म्हणतात. कारण कालपर्यंत मन लावून बसणारा माणूस आज चटई गुंडाळून घरची वाट धरावयास निघतो. पहिल्या वेळीं फुशारून गेलेल्यास जमिनीवर आणणें आणि दुसऱ्या वेळीं खचलेल्यास धीर देऊन पुनः आसनावर बसविणें, हें आचार्याचें काम. तें करण्यास शिष्य काय म्हणतो तें लक्षपूर्वक ऐकावें लागतें, आणि ज्यानें स्वतः ही वाट तुडविली आहे त्यालाच तें ऐकून समजतें.

इतक्या निकटच्या शिक्षणास फुरसतीचे शिष्य आणि निवांत जागा हवी. म्हणून शेंकडों वर्षें ध्यान हा अरण्यांत राहणाऱ्या थोड्या भिक्षूंचा विषय होऊन राहिला. गृहस्थानें दान द्यावें, शील पाळावें, धर्मश्रवण करावें, आणि ध्यान पुढील जन्मावर सोडावें, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

ह्या समजुतीस धक्का बसला तो राज्य बुडाल्यामुळें. थिबाचा पिता मिंडोन यानें मंडाले ही नवी राजधानी वसविली, संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविलें, आणि १८७१ सालीं भिक्षूंची मोठी संगीति भरविली. ग्रंथ राखावयाचे ते राजानें आणि संघाला शिस्त लावावयाची तीहि राजानेंच, अशी तेथील व्यवस्था होती. १८८५ नंतर ती नाहींशी झाली. परकी सरकारास भिक्षुसंघाच्या शिस्तीचें सोयरसुतक नव्हतें; शाळांतून नवें शिक्षण आलें, मिशनरी आले. धर्माचा रक्षक राजा नाहीं, तर त्याचें रक्षण कोणी करावें?

ह्या प्रश्नास उत्तर देणारा पुरुष म्हणजे लेडी सयाडो (१८४६-१९२३). ‘सयाडो’ हा ब्रह्मी भाषेंत थोर भिक्षु-आचार्यास लावावयाचा आदराचा शब्द आहे, आणि मोन्यवा शहराजवळच्या ज्या लेडी नांवाच्या वनांत त्यांनीं विहार बांधला त्यावरून त्यांस हें नांव पडलें. मंडालेस मोठमोठ्या पंडितांत वाढलेल्या ह्या भिक्षूनें ठरविलें कीं, राजाच्या जागीं आतां प्रजेनेंच उभें राहिलें पाहिजे. अभिधर्म हा बौद्ध शास्त्राचा सर्वांत कठीण भाग. त्यांनीं तो सोप्या ब्रह्मी भाषेंत व पद्यांत उतरविला, गांवोगांव फिरून व्याख्यानें दिलीं, आणि स्त्रीपुरुषांचीं अभ्यासमंडळें स्थापिलीं. गृहस्थानेंहि ह्याच जन्मीं विपश्यना करावी, त्यासाठीं आधीं खोल समाधि साधलीच पाहिजे असें नाहीं, असें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. त्यांच्या एका पाली ग्रंथावर तत्कालीन पंडितांनीं चाळीसांहून अधिक खंडनग्रंथ लिहिले. परंतु १९११ सालीं सरकारनेंच त्यांस ‘अग्गमहापंडित’ ही पदवी दिली. वृद्धपणीं त्यांची दृष्टि गेली होती.

लेडी सयाडोंनीं दार उघडलें खरें, पण त्यांतून आंत येणाऱ्यांना हात धरून कोणी न्यावें? अरण्यांतल्या मूठभर भिक्षूंनीं तें व्हावयाचें नव्हतें. येथें ह्या परंपरेंतील सर्वांत धीट पाऊल पडलें. रंगूनपासून नदीच्या पलीकडच्या तीरावर प्यॉब्वेजी नांवाचें शेतकऱ्यांचें गांव आहे. तेथील थेत नांवाचा एक माणूस (१८७३-१९४५) लहानपणींच पित्यास मुकला; त्याचें शिक्षण बेताचेंच झालें, आणि पुढें त्यानें एका भाताच्या गिरणींत हिशेब लिहिण्याचें काम केलें. पटकीच्या सांथींत त्याचीं मुलें दगावलीं. शोकानें घर सोडून तो आचार्यांच्या शोधांत फिरला आणि लेडी सयाडोंपाशीं येऊन कित्येक वर्षें राहिला. घरीं परतल्यावर शेताच्या कांठीं तो ध्यानास बसूं लागला, आणि सुमारें १९१४ पासून शेजारीपाजारी त्याजकडे शिकावयास येऊं लागले. लेडी सयाडोंनीं त्यास शिकविण्याची मोकळीक दिली आणि आपल्या भिक्षूंनाहि त्याजकडून शिकण्यास सांगितलें, असें परंपरा सांगते. भिक्षूनें गृहस्थास नमस्कार करावयाचा नाहीं, असा नियम असलेल्या देशांत एका गिरणीच्या हिशेबनिसानें भिक्षूस ध्यान शिकवावें, ही लहान गोष्ट नव्हे. अधिकार वस्त्राचा नसून अनुभवाचा, हें तत्त्व ह्या एका घटनेनें मान्य झालें. थेत पुढें ‘साया थेतजी’, म्हणजे थोरले थेत गुरुजी, ह्या नांवानें प्रसिद्धीस आले.

ह्याच काळांत दक्षिण ब्रह्मदेशांत भिक्षूंच्या बाजूनेंहि असाच प्रयत्न चालला होता. मिंगुन जेतवन सयाडो (१८६८-१९५५) यांनीं १९११ च्या सुमारास गृहस्थांस समुदायानें विपश्यना शिकविण्यास आरंभ केला. त्यांचा आधार ‘सतिपट्ठान सुत्त’ हा होता. ह्या सुत्ताच्या शेवटीं स्मृतीची ही साधना सात वर्षें करणाऱ्यास फळाचें आश्वासन आहे, आणि मग तो काळ कमी कमी करीत बुद्ध सात दिवसांवर येतात. संसारी माणसास रजा मिळते ती सात किंवा दहा दिवसांचीच. तेव्हां ह्या शेवटच्या वाक्यांत नव्या आचार्यांस मोठा आधार सांपडला असल्यास नवल नाहीं.

१९३२ सालीं मिंगुन सयाडोंकडे अठ्ठावीस वर्षांचा एक विद्वान् भिक्षु कांहीं महिने साधना करून गेला. त्याचें नांव सोभन. पण ज्या विहारांत तो पुढें राहिला तेथील मोठ्या नगाऱ्यावरून ‘महासी सयाडो’ (१९०४-१९८२) हेंच नांव जगप्रसिद्ध झालें. आपल्या सेइखुन गांवीं त्यानें १९३८ पासून शिकविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धांत जवळच्या श्वेबो शहरावर बॉम्ब पडत असतां १९४५ सालीं त्यानें विपश्यनेवरील आपला मोठा ग्रंथ लिहून काढिला. ४ जानेवारी १९४८ रोजीं ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. पंतप्रधान ऊ नू आणि सर ऊ थ्विन ह्या धनिकानें १९४७ सालींच एक धर्मसंस्था स्थापिली होती. तिनें महासींस रंगूनला बोलाविलें. तो काळ मोठा बिकट होता. नव्या राज्यांत यादवी माजली होती, आणि १९४९ च्या आरंभीं बंडखोर राजधानीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले होते. त्याच वर्षीं ४ डिसेंबर रोजीं पंचवीस साधकांचें पहिलें शिबिर रंगूनमध्यें सुरू झालें.

महासींची पद्धति दिसण्यास अगदीं साधी. साधकानें बसून पोटाच्या वर येण्याकडे व खालीं जाण्याकडे लक्ष ठेवावें आणि मनांत ‘वर’, ‘खालीं’ अशी नोंद करावी. विचार आला तर ‘विचार’, दुखलें तर ‘दुखणें’. एक तास बसावें, एक तास अति सावकाश चालावें, आणि पाऊल उचललें, पुढें नेलें, टेकलें, हें जाणावें. जेवतांना, स्नान करतांना, दार उघडतांनाहि नोंद तुटूं नये. झोंप चार-पांच तासांची. दुपारनंतर भोजन नाहीं, वाचन नाहीं, गप्पा नाहींत. आणि ह्या सर्वांच्या जोडीला आचार्यांपुढें बसून दिवसभर काय दिसलें तें सांगण्याचा परिपाठ. साधक सांगतो, आचार्य ऐकतात आणि थोडक्यांत सूचना देतात. पुढें कोणती अवस्था येणार तें आधीं सांगावयाचें नाहीं, कारण सांगितलें कीं मन तें स्वतःच उभें करतें. विपश्यनेच्या पायऱ्यांवर महासींनीं जो छोटा निबंध लिहिला, तोहि ज्यांची साधना बरीच पुढें गेली होती अशांकरितां होता.

रंगूनच्या केंद्राकडे लोकांचा ओघ वाढला, तेव्हां एक लहानशी पण अर्थपूर्ण अडचण उत्पन्न झाली. येणाऱ्या प्रत्येक तुकडीस आरंभींचा विधि समजावून सांगण्यास दीड तासाचें व्याख्यान लागे, आणि नव्या तुकड्या तर जवळजवळ रोज येत. शेवटीं १९५१ च्या जुलईंत तें व्याख्यान ध्वनिफितीवर उतरवून घेण्यांत आलें, आणि मग फीत लावून नवागतांस विधि ऐकविण्यांत येऊं लागला. आचार्यांच्या कामाचे दोन भाग आहेत हें येथें अगदीं उघड झालें. विधि सांगणें हा एक भाग. तो यंत्रावर सोंपवितां आला. साधकाचें ऐकणें हा दुसरा. त्याकरितां मात्र महासींस आपल्याच हाताखालीं तयार झालेले भिक्षु नेमावे लागले. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत देशभर त्यांचीं केंद्रें निघालीं तीं अशा शिष्यांच्या बळावर.

ह्या विस्तारास विरोध झाला नाहीं असें नव्हे. १९५५ च्या सुमारास ब्रह्मी आचार्य ही पद्धति घेऊन सिंहलद्वीपास गेले, तेव्हां तेथील कांहीं विद्वान् भिक्षूंनीं तिजवर कडक टीका केली. पोटाकडे पाहण्यास शास्त्राधार कोठें आहे, समाधीचा पाया पक्का न करतां एकदम विपश्यना कशी, आणि कांहीं आठवड्यांत साधक ज्ञानाच्या पायऱ्या चढले हें ठरविणारे तुम्ही कोण, असा तिचा रोख होता. पहिल्या आक्षेपास पक्षकारांनीं उत्तर दिलें कीं, पोटाची हालचाल म्हणजे वायुधातु, आणि धातूंचें निरीक्षण सुत्तांतच सांगितलेलें आहे. तिसरा आक्षेप मात्र सहज उडवून देण्याजोगा नव्हता. आचार्यानें नुसतें ऐकून साधकाची पायरी ठरवावयाची, तर सर्व भिस्त आचार्याच्या सचोटीवर आणि अनुभवावर येते. परंपरा वाढते तसतसा हा भार कमी अनुभवी खांद्यांवर पडूं लागतो, ही टीकाकारांची भीति निराधार नव्हती.

आचार्यत्वाचें दुसरें टोंकहि ह्याच परंपरेंत पाहावयास मिळतें. चित्तगांवकडच्या बंगाली बौद्ध कुळांतील अनागारिक मुनींद्र (१९१५-२००३) हे बोधगयेच्या महाबोधि मंदिराची व्यवस्था पाहात असत. १९५७ सालीं ते रंगूनला जाऊन महासींचे शिष्य झाले आणि १९६६ त बोधगयेस परतून शिकवूं लागले. त्यांच्याच भागांतली, रंगूनमध्यें संसार केलेली एक विधवा, दोन अपत्यें व पति गमावून अंथरुणास खिळलेली, महासींच्या केंद्रांत गेली आणि तेथून निराळीच होऊन बाहेर पडली. तिचें नांव नानीबाला; पुढें ‘दीपाची आई’ ह्या अर्थीं ‘दीपा मा’ (१९११-१९८९) ह्या नांवानें लोक तिला ओळखूं लागले. कलकत्त्याच्या एका दाट वस्तींतल्या दोन लहान खोल्यांत ती राही. तिजकडे शेजारच्या बायका येत, आणि घरकाम करतां करतां साधना कशी राखावी तें विचारीत. अमेरिकन तरुणहि तेथें येऊन जमिनीवर बसत. येथें केंद्र नव्हतें, व्याख्यान नव्हतें, फीत नव्हती. ऐकणें तेवढें होतें. अमेरिकेंत विपश्यनेचीं पहिलीं केंद्रें काढणारे कित्येक शिक्षक ह्या दोन खोल्यांचे आणि बोधगयेच्या मुनींद्रांचे ऋणी आहेत.

साया थेतजींच्या शाखेचा विस्तार आणखी निराळ्या वाटेनें झाला. १९३७ च्या आरंभीं रंगूनच्या सरकारी हिशेबखात्यांतील एक कारकून नदी ओलांडून थेतजींकडे दहा दिवसांकरितां आला. हेच ऊ बा खिन (१८९९-१९७१). ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच दिवशीं ते त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. कचेरी आणि ध्यान हीं दोन टोंकें आहेत असें त्यांना कधींच वाटलें नाहीं. १९५० सालीं त्यांनीं आपल्या कचेरींतच विपश्यनेचें मंडळ काढिलें, आणि १९५२ सालीं रंगूनच्या एका टेकडीवर केंद्र उभारिलें. तेथील चैत्याच्या मध्यवर्ती खोलीभोंवतीं ध्यानाच्या कोठड्या केलेल्या होत्या. दहा दिवसांचा क्रम त्यांनीं बांधून दिला. आरंभीं श्वासावर मन स्थिर करावयाचें आणि नंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीरांतील संवेदना क्रमानें पाहात त्यांची अनित्यता जाणावयाची. त्यांच्याकडे एका वेळीं थोडीच माणसें असत. प्रत्येकाचा स्वभाव व उद्योग पाहून ते सूचना देत. विसुद्धिमग्गांतला कल्याणमित्र हिशेबखात्याच्या खुर्चीवर येऊन बसला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यांच्या शिष्यांत मंडालेस १९२४ सालीं जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे मारवाडी व्यापारी होते. असह्य डोकेदुखीनें ते जर्जर झाले होते, आणि १९५५ सालीं ऊ बा खिन यांच्याकडे प्रथम आले. १९६२ च्या लष्करी क्रांतीनंतर ब्रह्मदेशांतील उद्योगधंदे सरकारनें ताब्यांत घेतले, परदेशगमनावर कडक निर्बंध आले, आणि ऊ बा खिन यांची भारतांत येऊन शिकविण्याची इच्छा मनांतच राहिली. १९६९ सालीं गोयंकांस मातेच्या आजारपणामुळें भारतांत येण्याची परवानगी मिळाली. निघण्यापूर्वीं गुरूंनीं त्यांस आचार्यपदाचा अधिकार दिला. त्याच वर्षीं जुलईंत मुंबईच्या एका धर्मशाळेंत त्यांनीं पहिलें दहा दिवसांचें शिबिर घेतलें. साधक होते चौदा. त्यांतच त्यांचे आईबाप. थिबा राजास कैदी म्हणून आणिल्यानंतर त्र्यांशीं वर्षांनीं त्याच्या देशांतली ही विद्या अशा रीतीनें महाराष्ट्रांत उतरली.

त्यानंतरचा विस्तार कल्पनेच्या पलीकडचा आहे. कसारा घाट चढून आगगाडी इगतपुरीस पोंचते, तेथें धम्मगिरि हें केंद्र १९७६ पासून चालूं लागलें. १९९४ सालीं दिल्लीच्या तिहार तुरुंगांत सुमारें एक हजार बंदिवानांचें एकच शिबिर झालें. २०१३ सालीं गोयंका निवर्तले तेव्हां त्यांच्या परंपरेचीं केंद्रें जगभर पसरलेलीं होतीं. आज त्यांची संख्या दोनशेंहून अधिक आहे. सर्वत्र क्रम तोच : पहांटे चारची घंटा, दिवसाचे सुमारें दहा तास ध्यान, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, रात्रीं प्रवचन. शुल्क कांहीं नाहीं. पूर्वींच्या साधकांच्या दानावर सर्व चालतें. सूचना आणि प्रवचनें गोयंकांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित केलेलीं असतात, आणि त्यांचीं भाषांतरें अनेक भाषांत आहेत. महासींच्या एका फितीनें ज्याचा आरंभ झाला तें येथें पूर्णत्वास गेलें. विधीमध्यें कोणीहि पदरचें घालूं नये, हा त्यामागील हेतु. त्याचा लाभ निश्चित झाला. शिक्षण ठिकठिकाणीं भेसळीवांचून राहिलें.

परंतु आवाज एक असला तरी ऐकणारे कान अनेक लागतात. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत गोयंकांनीं सहायक आचार्य नेमण्यास सुरुवात केली. ते स्त्रीपुरुष शिबिरांत समोर स्वस्थ बसलेले असतात. स्वतः प्रवचन करीत नाहींत. ठराविक वेळीं साधकांस चार-पांच जणांच्या तुकडीनें जवळ बोलावून, मन लागतें का, संवेदना कोठें कळतात, असें मंद स्वरांत विचारतात. दुपारच्या वेळीं ज्याची शंका असेल त्यास एकट्यास भेटतात. वरवर पाहणाऱ्यास हे लोक केवळ शोभेचे वाटतील. पण दहा दिवस मौनांत बसलेल्या शंभर माणसांत कोणाचा मुलगा दगावलेला असतो, कोणी व्यसनाशीं झगडत असतो, आणि कोणास तिसऱ्या दिवशीं रात्रीं एकाएकीं रडें कोसळतें. अति ताणानें एखाद्याचें मन बिघडण्याचा संभव असतो, हेंहि आतां सर्वत्र मान्य झालें आहे, आणि म्हणूनच प्रवेशापूर्वीं मानसिक विकारांची चौकशी करण्यांत येते. अशा वेळीं कोणाचें बसणें थांबवावें, कोणास थोडें फिरावयास लावावें, आणि कोणाची घरीं जाण्याची घाई ही ती जुनीच चटई गुंडाळण्याची वेळ आहे, हें ध्वनिफितीस ओळखतां येत नाहीं.

राजाच्या हातून निसटलेलें शासन प्रजेनें सांभाळावें, ही लेडी सयाडोंची आकांक्षा त्यांच्या कल्पनेपेक्षांहि मोठ्या प्रमाणावर सफळ झाली. भिक्षूंचें ध्यान कारकुनाच्या, व्यापाऱ्याच्या, विधवेच्या आणि बंदिवानाच्या हातीं आलें. विधि छापतां आला, फितीवर उतरवितां आला, समुद्रापार पाठवितां आला. परंतु प्रत्येक पिढींत ज्यांनीं ही परंपरा पुढें नेली ते सर्व कोणातरी अनुभवी माणसासमोर बसून आपलें मन उघडें करून गेलेले होते. थेतजी लेडी सयाडोंपुढें बसले, महासी मिंगुन सयाडोंपुढें, गोयंका ऊ बा खिन यांच्यापुढें. ही एकास एक जोडणारी सांखळी किती लांबवितां येईल आणि तिचा प्रत्येक दुवा किती पक्का राहील, यावरच ह्या विद्येचें पुढील भवितव्य अवलंबून आहे. शिबिरांची व केंद्रांची संख्या मोजणें सोपें आहे. ऐकणारे आचार्य तयार होण्यास मात्र पूर्वींइतकींच वर्षें लागतात.